साडेसहा हजारांचा डिस्प्ले टाकावा का?

काउंटरपलीकडचा माणूस फोन हातात घेतो, उजेडात तिरपा धरून बघतो आणि म्हणतो, "फोल्डर गेलाय ताई, म्हणजे अख्खा डिस्प्ले. ओरिजिनल टाकला तर साडेसहा हजार." आपण मनातल्या मनात आकडेमोड करू लागतो. फोन घेतला तो दोन वर्षांपूर्वी, अठरा हजारांना. शेजारच्या दुकानात बारा हजारांत नवाकोरा मिळतोय, वर एक्स्चेंजही आहे. मागे दोन गिऱ्हाइकं ताटकळत उभी आहेत. शेवटी "तुम्हीच सांगा काय करू" असं आपण त्या माणसालाच विचारतो. तो सांगून सांगून काय सांगणार? त्याला फोन दिसतो, पण आपण तो कशासाठी वापरतो आणि अजून किती दिवस वापरणार आहोत, हे त्याला कुठून कळणार?

एक ढोबळ नियम सगळीकडे ऐकू येतो: दुरुस्ती निम्म्या किमतीच्या वर गेली की नवा घ्यावा. मला तो पटत नाही. निम्मी म्हणजे कोणत्या किमतीच्या? आज हा फुटका फोन विकायला नेला तर जेमतेम हजार रुपये येतील. ती किंमत धरली तर कुठलीच दुरुस्ती परवडणार नाही. अठरा हजार धरले तर सात वर्षांचा म्हातारा फोनही आपण दुरुस्त करत बसू. घेताना मोजलेले पैसे गेले ते गेलेच. आता बघायचं ते एवढंच, की दुरुस्तीनंतर हा फोन अजून किती वर्षं नीट चालेल आणि त्यातलं एकेक वर्ष कितीला पडेल. हे ठरवायचं तर फोनच्या पोटात काय असतं, त्यातलं काय सहज बदलता येतं आणि काय नाही, हे कळायला हवं.

सगळ्यात जास्त फुटते ती स्क्रीन. आपल्याला ती एक काच वाटते, पण ती थरांची असते: वर काच, तिच्याखाली बोटाचा स्पर्श ओळखणारा थर आणि त्याखाली चित्र उमटवणारं पॅनेल. हे सगळं पारदर्शक गोंदाने एकजीव केलेलं असतं. या अख्ख्या जोडकामालाच दुकानदार फोल्डर किंवा कॉम्बो म्हणतात. म्हणून पहिला प्रश्न असा, की फुटलंय काय? चित्र स्वच्छ आहे, टच कोपऱ्यापर्यंत चालतोय आणि फक्त वरच्या काचेला तडा आहे, तर घाईचं काहीच कारण नाही. वरून चांगली टेम्पर्ड ग्लास लावून असे फोन महिनोन्‌महिने चालतात. मात्र काचेचा चुरा बोटाला लागू नये आणि फटीतून पाणी जाऊ नये, एवढं सांभाळावं लागतं. काही दुकानांत नुसती वरची काच बदलून देतात. त्यासाठी जुनी काच गरम करून किंवा गोठवून सोडवतात आणि नवी व्हॅक्यूमखाली चिकटवतात. सपाट स्क्रीनवर कसलेल्या हाताने हे काम चांगलं होतं. कडेला वळलेल्या अमोलेड स्क्रीनवर (म्हणजे जिचे बारीक ठिपके स्वतःच उजळतात अशा पडद्यावर) मात्र काच काढताना खालचं पॅनेल जाण्याची भीती असते. "पॅनेल गेलं तर जबाबदारी कोणाची?" हे काम सुरू होण्याआधीच विचारून घ्यावं.

पडद्यावर शाईसारखा काळा डाग दिसत असेल तर गोष्ट वेगळी. अमोलेड पॅनेलमधले प्रकाश देणारे पदार्थ हवा आणि ओलावा सहन करू शकत नाहीत, म्हणून ते बंदिस्त केलेले असतात. ते बंदिस्तपण फुटलं की डाग पसरत जातो. आज कोपऱ्यात असलेला डाग आठवड्याभरात अर्ध्या पडद्यावर आलेला असतो. फोन दुरुस्त करायचा की नाही हे नंतर ठरवा, पण त्यातली माहिती त्याच दिवशी काढून घ्या. टच मेला असेल पण चित्र दिसत असेल, तर बहुतेक अँड्रॉइड फोनांना छोट्या ओटीजी जोडणीने (चार्जिंगच्या भोकात बसणाऱ्या छोट्या तुकड्याने) संगणकाचा साधा माऊस लावता येतो. पडद्यावर बाण उमटतो आणि पिन टाकून फोन उघडता येतो. पन्नास-शंभर रुपयांच्या या वस्तूने कितीतरी लोकांचे फोटो वाचले असते, पण ती फार कमी जणांना माहीत असते.

न पडता, न आपटता पडद्यावर उभी हिरवी किंवा गुलाबी रेघ आली असेल, तर पैसे काढण्याआधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारा. ही अमोलेड पडद्यांची ओळखीची तक्रार आहे आणि काही कंपन्यांनी भारतात ठरावीक मॉडेलांना वॉरंटी संपल्यावरही मोफत पडदा बदलून दिला आहे.

आता 'ओरिजिनल' या शब्दाविषयी. बाजारात एकाच फोनसाठी तीन-चार प्रकारचे डिस्प्ले मिळतात: कंपनीचा, जुन्या फोनमधून काढलेला, दुसऱ्या कारखान्यात बनलेला ओएलईडी (अमोलेडच्याच जातीचा) आणि सगळ्यात स्वस्त एलसीडी, ज्याला मागून उजेड द्यावा लागतो. मूळ फोनला अमोलेड असताना एलसीडी बसवला, तर पडद्याखालचा बोटाच्या ठशाचा सेन्सर बहुधा बंद पडतो. रंग फिके दिसतात, फोन किंचित जाड होतो आणि बॅटरीही जास्त खातो. स्वस्त म्हणून तो घेणं चूक आहे असं मी म्हणणार नाही. वर्षभर ढकलायचा फोन असेल तर तो चालतो. पण आपण काय घेतोय ते माहीत असावं आणि बिलावर तसं लिहून घ्यावं.

बॅटरीचं गणित सोपं आहे, तरी सगळ्यात जास्त फोन विनाकारण टाकले जातात ते तिच्यामुळेच. लिथियम-आयन बॅटरी पहिल्या दिवसापासून झिजत असते. प्रत्येक चार्जिंगमध्ये थोडं लिथियम आत कायमचं अडकून बसतं आणि उष्णतेत हे अडकणं वाढतं. उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेला फोन म्हणूनच लवकर म्हातारा होतो. आयफोन १४ आणि त्याआधीच्या फोनांसाठी ॲपल सांगते, की ५०० पूर्ण चार्जिंगनंतर ८० टक्के क्षमता राहावी अशी बॅटरीची रचना असते. आयफोन १५ पासून हा आकडा १,००० आहे. रोज पूर्ण चार्ज करणाऱ्याला ५०० म्हणजे दीड वर्षही भरत नाही. क्षमता घटते त्याबरोबरच बॅटरीचा आतला अवरोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, वाढतो, म्हणून पंचवीस टक्के दाखवत असलेला फोन कॅमेरा उघडताच एकदम बंद पडतो. हे टाळण्यासाठी काही फोन आपला वेगच कमी करतात. डिसेंबर २०१७ मध्ये ॲपलने जुन्या आयफोनांच्या बाबतीत हे जाहीर मान्य केलं आणि पुढच्या वर्षी बॅटरी बदलण्याचा दर खाली आणला.

म्हणून 'फोन स्लो झालाय, नवा घेऊ' असं वाटलं की आधी दोन गोष्टी बघा: स्टोरेज गच्च भरलंय का, आणि बॅटरीची प्रकृती काय आहे. आयफोनमध्ये आणि आता बऱ्याच अँड्रॉइड फोनांतही सेटिंग्जमध्ये ती दिसते. क्षमता ऐंशीच्या खाली असेल तर बॅटरी बदलण्यासारखी किफायतशीर दुरुस्ती दुसरी नाही. पण बॅटरी फुगली असेल, म्हणजे मागचं झाकण उचललं गेलं असेल किंवा पडदा मधून वर आला असेल, तर तो फोन चार्जिंगला लावू नका, झाकण दाबून बसवू नका, उशीजवळ ठेवू नका. त्यात पेट घेण्याचा धोका असतो.

चार्जिंग होत नसेल तर बहुतेक वेळा खिशातला धागा-धूळ भोकात दाबून बसलेली असते. फोन बंद करून लाकडी टूथपिकने हळूच काढा. तरी नाही झालं तर चार्जिंग स्ट्रिप, म्हणजे ते भोक बसवलेली छोटी पट्टी, बदलतात. स्पीकर, माईक, बटणं, कॅमेऱ्यावरची काच ही कामंही अशीच, छोटी आणि बहुधा खात्रीची. त्यासाठी फोन बदलण्याचा विचारसुद्धा करू नये.

खरी पंचाईत पाण्याची आणि बोर्डाची, म्हणजे सगळ्या चिपा बसवलेल्या मुख्य पट्टीची. इथे मी स्वतः चूक केली आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगते.

आमचे आप्पा मिरजेजवळच्या गावात शेती बघतात. मोटार सुरू केल्यावर हौदावर वाकले आणि सदऱ्याच्या खिशातला फोन पाण्यात गेला. दोन मिनिटांत काढला. मी घरीच होते. फोन पुसून तांदळाच्या डब्यात ठेवला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, चालू होतोय का बघावं म्हणून, चार्जरला लावला. एकदा थरथरला आणि गेला. त्यात साखर कारखान्याच्या वजनकाट्याच्या दोन हंगामांच्या पावत्यांचे फोटो होते. बॅकअप कुठेच नव्हता.

तांदूळ फोनच्या आतलं पाणी ओढून घेत नाही. उलट त्याचा भुसा-पीठ भोकांत जातं. तांदळात फोन ठेवू नका असं ॲपलनेही आपल्या सूचनांत लिहिलंय. आणि नासधूस नुसत्या पाण्याने होत नाही, ती पाण्यातल्या क्षारांनी होते. विहिरीच्या पाण्यात ते भरपूर असतात. बॅटरी जोडलेली असताना अशा पाण्यातून वीज वाहते, बोर्डावरचे तांब्याचे बारीक मार्ग खाल्ले जातात आणि हिरवट-पांढरी बुरशी धरल्यासारखी दिसते. मी चार्जर लावून त्यात आणखी वीज सोडली. करायला हवं होतं ते असं: फोन लगेच बंद करायचा, सिमचा ट्रे काढायचा, चार्जरच्या जवळही न्यायचा नाही आणि त्याच दिवशी कारागिराकडे पोचायचं. तो बॅटरी सोडवतो, चिपांवरची पत्र्याची झाकणं उचलतो आणि बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुतो. पाणी पडल्याचा दिवस आणि तिसरा दिवस यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. समुद्राच्या पाण्यात पडलेल्या फोनला तर एवढाही वेळ मिळत नाही.

'आयपी ६८ आहे' या भरवशावर राहू नका. आयपी म्हणजे धूळ-पाण्यापासून बचावाचा दर्जा. आयपी ६७ म्हणजे नवा फोन, साधं पाणी, एक मीटर खोली आणि तीस मिनिटं, तीही प्रयोगशाळेत. आयपी ६८ मध्ये खोली आणि वेळ कंपनी ठरवते. वापरात हे सील सैल होत जातं आणि एकदा फोन उघडला की ते पूर्वीसारखं बसेलच असं नाही. बहुतेक कंपन्यांची वॉरंटी पाण्याने झालेलं नुकसान धरत नाही. फोनच्या आत पाणी लागलं की पांढऱ्याचा लाल होणारा एक ठिपका चिकटवलेला असतो, त्यावरून ते लगेच ओळखतात.

सर्व्हिस सेंटरने आप्पांच्या फोनचा अख्खा बोर्ड बदलावा लागेल असं सांगितलं: अकरा हजार, आणि डेटा जाईल. हा डेटा का जातो, हे समजून घेण्यासारखं आहे. आजच्या फोनमधली माहिती कुलूपबंद लिहिलेली असते आणि त्या कुलपाची किल्ली त्याच बोर्डावरच्या प्रोसेसरशी बांधलेली असते. मेमरीची चिप काढून दुसऱ्या बोर्डावर लावली तरी ती वाचता येत नाही. माहिती हवी असेल तर तोच बोर्ड एकदा तरी जिवंत व्हावा लागतो. म्हणून फोन वापरण्यासाठी दुरुस्त करणं आणि फोनमधलं काढून घेण्यासाठी दुरुस्त करणं, ही दोन वेगळी कामं आहेत. कोणत्या कामासाठी आलोय हे दुकानात पाऊल टाकतानाच सांगितलं पाहिजे.

कोल्हापुरात एका कारागिराने मायक्रोस्कोपखाली बोर्ड घेतला, शॉर्ट कुठे आहे ते शोधलं, एक आयसी, म्हणजे चिप, बदलली आणि चौथ्या दिवशी फोन लावला. म्हणाला, "ताई, हा सेट वापरायला धरू नका. काय हवंय ते आत्ता काढून घ्या." समोर बसून आम्ही सगळं काढून घेतलं. संध्याकाळी फोन पुन्हा डेड. त्याने अठराशे रुपये घेतले आणि माझ्या मते ते त्याच्या कामाच्या मानाने कमीच होते. पाण्याने खाल्लेला बोर्ड एकदा उठला तरी तो पुन्हा कधी बसेल याचा नेम नसतो. अशा फोनवर रोजच्या वापरासाठी मोठा खर्च करू नये. पाणी न लागता एखादीच चिप गेली असेल, उदाहरणार्थ चार्जिंगची, तर मात्र चांगल्या हाताची दुरुस्ती वर्षानुवर्षं टिकते.

फुटलेल्या काचेसारखी डोळ्यांना दिसत नाही, पण फोनचं आयुष्य ठरवणारी आणखी एक गोष्ट आहे: सिक्युरिटी अपडेट. बँक आणि यूपीआय ज्या फोनवर आहे त्याला हे अपडेट येत राहायला हवेत. सेटिंग्जमध्ये 'अबाउट फोन'खाली शेवटच्या अपडेटची तारीख दिसते. ती वर्षभर जुनी असेल तर कंपनीने बहुधा हात काढून घेतलेला आहे. गूगलने ऑक्टोबर २०२३ मध्ये पिक्सेल ८ ला आणि सॅमसंगने जानेवारी २०२४ मध्ये गॅलेक्सी एस२४ ला सात वर्षांचे अपडेट जाहीर केले. स्वस्त फोनांत ही मुदत बरीच कमी असते. आणि ती मॉडेल बाजारात आलं त्या दिवसापासून मोजतात, आपण घेतलं त्या दिवसापासून नाही. सेलमध्ये स्वस्तात मिळालेल्या मागच्या वर्षीच्या मॉडेलचं एक वर्ष आधीच सरलेलं असतं. अपडेट संपल्यावर फोन बंद पडत नाही, पण हळूहळू ॲप साथ सोडतात. २०२५ च्या सुरुवातीला व्हॉट्सॲपने अँड्रॉइड ५ च्या खालचे फोन सोडले आणि त्याच वर्षी मे महिन्यात आयओएस १५.१ च्या खालचे आयफोन.

आता काउंटरवरच्या त्या साडेसहा हजारांकडे येऊ. आकडे उदाहरणापुरते आहेत, आपले आपण घालावेत. समजा, फोनचे अपडेट अजून दोन वर्षं आहेत. डिस्प्लेचे ६,५००, आणि दोन वर्षांच्या बॅटरीलाही लवकरच १,५०० लागतील. एकूण ८,०००, दोन वर्षांत. म्हणजे वर्षाला ४,०००. त्याच तोडीचा नवा फोन १८,००० चा, अपडेट चार वर्षं, मध्ये एक बॅटरी १,५००, एक्स्चेंजचे १,००० वजा. होतात १८,५००, म्हणजे वर्षाला ४,६२५. आणि शेजारच्या दुकानातला बारा हजारांचा? त्याचे अपडेट दोनच वर्षांचे असतील तर एक्स्चेंज वजा करूनही वर्षाला ५,५००. सगळ्यात स्वस्त दिसणारा फोन सगळ्यात महाग पडला. इथे डिस्प्ले टाकावा.

आता फक्त एक गोष्ट बदला: आपल्या फोनचे अपडेट दोनऐवजी एकच वर्ष उरलेत. बॅटरी धरली नाही तरी त्या एका वर्षाला ६,५०० पडतात. डिस्प्ले तोच, दुकान तेच, पण उत्तर उलटं. तेव्हा नवा घ्यावा. आणि जुन्या फोनवर बँक वगैरे काहीच नसेल, तो फक्त आजीला भजनं ऐकायला आणि व्हिडिओ कॉलला असेल, तर अपडेटची वर्षं इतकी कडक धरायची गरज नाही. तिथे स्वस्त डिस्प्लेही चालेल.

फोन दुरुस्तीला देताना सिम आणि मेमरी कार्ड काढून घ्या. पिन सांगावी लागू नये म्हणून सॅमसंगच्या बऱ्याच फोनांत मेंटेनन्स मोड आणि पिक्सेलमध्ये रिपेअर मोड आहे. तो चालू केला की कारागिराला फोन तपासता येतो, पण आपले फोटो-निरोप दिसत नाहीत. विमा काढलेला असेल तर आधी विमा कंपनीला कळवा, बाहेर उघडलेला फोन ते नाकारू शकतात. ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ ला 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं. तिथे कंपन्यांची सर्व्हिस केंद्रं, सुट्या भागांची आणि वॉरंटीची माहिती बघता येते. केंद्र दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून नव्या फोनांच्या लेबलवर तो किती दुरुस्त होण्याजोगा आहे याची श्रेणी छापावी लागते आणि त्या मॉडेलची विक्री थांबल्यावरही सात वर्षं सुटे भाग द्यावे लागतात. आपल्याकडेही अशा निर्देशांकाची चौकट सुचवणारा समितीचा अहवाल मे २०२५ मध्ये सरकारला मिळाला आहे. तो लवकर अमलात यावा असं मला मनापासून वाटतं, कारण खरेदीच्या दिवशीच हे कळलं तर पुढची अर्धी कटकट वाचेल.

नव्याऐवजी वापरलेला फोन घेणार असाल, तर त्यावर स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबून पंधरा अंकी आयएमईआय, म्हणजे त्या फोनची ओळख सांगणारा क्रमांक बघा. मेसेजमध्ये रोमन लिपीत केवायएम ही तीन अक्षरं, जागा सोडून तो क्रमांक, आणि पाठवा १४४२२ वर. चोरीला गेलेला म्हणून बंद केलेला फोन असेल तर उत्तरात कळतं. सरकारच्या दूरसंचार विभागाच्या 'संचार साथी' संकेतस्थळावरही हे तपासता येतं.

जुना फोन देऊन टाकताना आधी त्यातून आपलं गूगल किंवा ॲपल खातं काढा आणि मगच रीसेट करा, नाहीतर पुढच्या माणसाला तो उघडतच नाही. फोन चालूच होत नसेल तर दुसऱ्या फोनवरून खात्याच्या उपकरणांच्या यादीत जाऊन त्याला बाहेर काढता येतं. आप्पांचा सेट आम्ही तसाच काढला आणि कंपनीच्या ई-कचरा पेटीत टाकला. फुगलेल्या बॅटरीचा फोन मात्र पेटीत टाकू नका, कचऱ्यातही नको. तो केंद्रातल्या माणसाच्या हातात द्या आणि देताना बॅटरी फुगली आहे हे सांगा.